कोल्हापूरला समुद्र होता तेव्हा

लक्ष्मीपुरीत आमचं नारळ-खोबऱ्याचं दुकान होतं. घाटाखालून गाडी आली की आजी हातातलं काम टाकून दुकानाच्या मागच्या अंगाला येऊन बसायची. पोत्यातला एकेक नारळ उचलायची, कानाशी धरायची, हलवायची आणि डोळे अर्धे मिटून ऐकायची. पाणी मोकळं खळखळलं की तो नारळ जून, तो उजव्या हाताच्या ढिगात. दबकं वाजलं तर डाव्या हाताला. वाजलंच नाही तर पाठीमागं, आणि त्या ढिगाकडं ती पुन्हा वळूनही बघायची नाही. दुकानातली माणसं टिचक्या मारून नारळ निवडायची, ते तिला पटत नसे. "नारळ बोलता, तेचा ऐकूक व्हया," म्हणायची.

आजी मालवणची. तिचे वडील गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. नारळाच्या व्यवहारातून आजोबांच्या घराशी ओळख, ओळखीतून सोयरीक, आणि १९४० च्या आसपास कधीतरी ही चौदा-पंधरा वर्षांची मुलगी सर्व्हिस मोटारीनं फोंडा घाट चढून शुक्रवार पेठेत नांदायला आली. पुढची पन्नासहून जास्त वर्षं ती इथंच होती. चटणी कांडायला शिकली, तांबडा-पांढरा तिच्या हातचा खावा असं लोक म्हणायचे, पण बोलणं शेवटपर्यंत मालवणीच राहिलं. आजोबा तिला चिडवायचे, "समुद्र न्हाई म्हणून काय झालं, रंकाळा हाय की!" तिचं उत्तर ठरलेलं असे. "रंकाळो ऱ्हवांदे तुमका. समुद्र तुमच्या राजाचोच होतो. तेणी घालवल्यानी."

आम्ही पोरं हसायचो. सासरला एक टोमणा हवा म्हणून ती हे म्हणते, असं वाटायचं. शाळेत आम्ही शिकलो ते कोल्हापूर म्हणजे पन्हाळा, पावनखिंड, ताराराणी, शाहू महाराज. गड, घोडा, ऊस, तालीम. त्यात खारं पाणी कुठंच नव्हतं. पुढं चाळिशीत, आजी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, संस्थानाच्या जुन्या तहांची कलमं वाचताना मालवणचं नाव समोर आलं, आणि मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. आजी अक्षरशः खरं सांगत होती. कोल्हापूरला बंदर होतं, आरमार होतं, जकात होती. तिचं एक क्रियापद मात्र तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. घालवला. घालवला, की काढून घेतला? त्या एका शब्दापायी मी हे लिहायला बसले आहे.

सिंधुदुर्गाचं बांधकाम शिवाजी महाराजांनी सुरू केलं ते १६६४ च्या नोव्हेंबरात, मालवणसमोरच्या कुरटे बेटावर. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. त्याच्या सोबतीला जवळच्या खडकावर पद्मगड, किनाऱ्याला लागून राजकोट, आणि थोडं उत्तरेला खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट. एका मोठ्या किल्ल्याभोवती तीन लहान, असं ते सगळं मिळून एक बंदर होतं. पुढं स्वराज्याच्या दोन गाद्या झाल्या. १७३१ च्या वारणेच्या तहात साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांनी मुलूख वाटून घेतला. वारणेच्या दक्षिणेचा भाग कोल्हापूरकडं आला, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच तहात कोकणातला साळशीच्या दक्षिणेचा पट्टाही कोल्हापूरकडं आला, हे मात्र कुणी सांगत नाही. वारणा आपण लक्षात ठेवली आणि साळशी विसरलो. मला वाटतं, समुद्र विसरण्याची सुरुवात इथंच झाली असावी.

या गादीला समुद्राची जाण नव्हती असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं आहे. वारणेच्या तहाच्या आधी पंधराएक वर्षं रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं ते कोल्हापूरच्या या संभाजी महाराजांसाठीच. अमात्यांचं घराणं बावड्याचं, म्हणजे गगनबावड्याचं. त्या कड्यावर उभं राहिलं की पायाखाली सगळं तळकोकण पसरलेलं दिसतं, आणि त्यांचं लिखाण वाचताना मला नेहमी ती जागा आठवते. आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग आहे, ज्याच्याजवळ घोडदळ त्याची जमीन आणि ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे.

त्याच ग्रंथात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, जे आहे ते तर आज वाचतानाही अंगावर काटा येतो. पंत म्हणतात, बाकीचे सावकार आहेत तसे हेही सावकार दिसतात, पण यांच्यातल्या प्रत्येकाच्या पाठीमागं एकेक राजा आहे. त्याच्या हुकमानं ते येतात, आणि राजा म्हटला की त्याला मुलखाचा लोभ असायचाच. त्यांना व्यापाराला येऊ द्यावं, पण वखारीला जागा मागतील तर खाडीच्या तोंडाशी किंवा समुद्रकाठी देऊ नये. द्यायचीच झाली तर आत, दूरवर, मोठ्या गावाच्या शेजारी सखल जागी द्यावी, आणि पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत.

हे शहाणपण अनुभवातून आलेलं होतं. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज उखळी तोफ घेऊन घाट चढून वर आले होते आणि आपलं निशाण लावून त्यांनी गडावर गोळे टाकले होते. व्यापारी म्हणून बंदरात उतरलेली माणसं, आणि त्यांची तोफ पन्हाळ्याखाली. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठून ती वखार उधळली आणि तोफ घेऊन आलेल्या रेव्हिंग्टनसह वखारवाल्यांना कैदेत टाकलं. कोल्हापूरच्या मातीनं इंग्रज पहिल्यांदा पाहिला तो असा, एका बंदरातून वर आलेला.

तर मालवण. अठराव्या शतकात मुंबईच्या कंपनी सरकारच्या कागदांत या बंदराचं नाव सतत येतं ते चाचेगिरीसाठी. मालवणी माणूस म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर, इतकं ते समीकरण इंग्रजांनी घट्ट केलं. लूट होत नव्हती असं मी म्हणणार नाही. होत होती, आणि पुष्कळ व्यापारी त्यात बुडाले. पण तो काळ कसा होता तेही बघायला हवं. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजानं आपला परवाना घ्यावा, नसेल तर जहाज धरावं, ही रीत पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर दोनशे वर्षं चालवली. कंपनीही आपले परवाने देत होती. पोर्तुगीजानं धरलं तर तो राज्याचा हक्क, कंपनीनं धरलं तर तो बंदोबस्त, आणि कोल्हापूरच्या गलबतानं धरलं तर ती चाचेगिरी. लिहिणारा ज्याच्या बाजूचा, शब्द त्याच्या बाजूचा. माझ्या पणजोबांच्या आधीच्या पाच-सात पिढ्या त्या एका शब्दाखाली गाडल्या गेल्या आहेत, म्हणून मला तो झोंबतो.

१७६५ मध्ये मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी मालवणवर चढाई करून सिंधुदुर्ग घेतला. घेतल्याबरोबर त्याचं नाव बदललं. फोर्ट ऑगस्टस. शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा जिथं चुन्यात उमटलेला आहे, राजाराम महाराजांनी वडिलांचं देऊळ बांधून जिथं शिवराजेश्वराची पूजा सुरू केली, त्या किल्ल्याला फोर्ट ऑगस्टस. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं उच्चारून बघितलं. जिभेवर बसेना. मालवणातही ते कुणाच्या जिभेवर बसलं नसावं, कारण वर्षभरातच ते पुसलं गेलं.

ते पुसलं कसं गेलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. किल्ला ठेवायचा तर खर्च भारी, आणि पाडायचा तर इतका पक्का की पाडता येईना. मग कंपनीनं तो १७६६ मध्ये कोल्हापूरला परत दिला, पण फुकट नाही. पावणेचार लाखांहून जास्त रुपये भरायचे, कंपनीच्या व्यापाराला उपद्रव द्यायचा नाही, आणि चांगल्या वागणुकीची हमी द्यायची. त्या वेळी कोल्हापूरचा कारभार जिजाबाई राणीसाहेबांच्या हातात होता. संभाजी महाराज १७६० मध्ये गेले, दत्तक शिवाजी महाराज लहान, आणि चहूबाजूंनी पटवर्धन, पेशवे, सावंत. अशा काळात त्या बाईंनी समुद्रातला एक किल्ला पैसे मोजून परत घेतला. ताराराणींच्या घोड्याच्या टापा आपण रोज ऐकतो, आणि ऐकायलाच हव्यात. पण जिजाबाईंनी भरलेल्या या रकमेचीही कुणीतरी या गावात आठवण काढायला हवी. राज्याचा जीव जमिनीवर टांगणीला लागलेला असताना त्यांनी समुद्र सोडला नाही.

'घालवल्यानी' या आजीच्या शब्दाला माझी पहिली हरकत आहे ती इथं.

पुढचं सगळं हळूहळू आवळत जाणाऱ्या फासासारखं आहे. लूट होते म्हणून कंपनी पुन्हा आरमार धाडते. १७९२ मध्ये नवा तह होतो. लुटल्या गेलेल्या व्यापाऱ्यांची भरपाई कोल्हापूरनं करायची, आणि मालवणला व खुद्द कोल्हापुरात कंपनीला वखारी घालू द्यायच्या. समुद्रकाठची वखार, अमात्यांनी नको म्हणून सांगितलेली! लिहून ठेवलेलं शहाणपण कपाटात होतं, पण ते पाळायला लागणारं बळ अंगात उरलं नव्हतं. शेजाऱ्यांशी लढाया थांबत नव्हत्या. सावंतवाडीशी, पटवर्धनांशी, पेशव्यांशी. आरमाराला पैसा कुठून येणार? आरमाराला पैसा नाही म्हणून खलाशी लुटीवर जगणार, लूट झाली की कंपनी भरपाई मागणार, आणि भरपाईपायी तिजोरी आणखी रिकामी होणार. या चक्रातून कोल्हापूर सुटलंच नाही.

आणि मग १८१२. एल्फिन्स्टन तेव्हा पुण्यात कंपनीचे रेसिडेंट होते. पेशव्यांचा डोळा कोल्हापूरच्या चिकोडी-मनोळी या परगण्यांवर, कोल्हापूर पार टेकीला आलेलं. ऑक्टोबरात तह झाला. कोल्हापूरनं मालवण बंदर द्यायचं, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट या किल्ल्यांसह. यापुढं लढाऊ गलबतं बाळगायची नाहीत. इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या राज्याशी लढाई करायची नाही. त्याच्या बदल्यात कंपनीनं आपली जुनी येणी सोडली आणि उरलेल्या मुलखाला कुणाचा धक्का लागू देणार नाही, असं वचन दिलं. त्याच वर्षी सावंतवाडीकडून वेंगुर्ला घेतलं गेलं. सहा वर्षांनी पेशवाईच बुडाली.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जिवंत राहण्याची हमी, असा तो सौदा होता. कोल्हापूरचं राज्य १९४९ पर्यंत टिकलं, त्यातून पुढं शाहू महाराज झाले, शिक्षण झालं, राधानगरीचं धरण झालं, हे सगळं त्या हमीच्या पोटातून आलं असं कुणी म्हटलं तर मला ते खोडून काढता येत नाही. पण सौदा म्हणायला दोन्ही बाजूंना नको म्हणण्याची मुभा लागते. ती कोल्हापूरला नव्हती. म्हणून मी आजीला, ती असती तर, सांगितलं असतं, घालवला नाही गं. गळ्याला हात लावून मागून घेतला.

इतक्या हट्टानं घेतलेल्या बंदराचं इंग्रजांनी पुढं काय केलं? फार काही नाही. माझा खरा राग १८१२ पेक्षा या गोष्टीवर आहे. मालवणला जकातीची कचेरी बसली, दक्षिण कोकणचा जिल्हा झाला, त्याचं ठाणं आधी बाणकोटला आणि १८२२ पासून रत्नागिरीला गेलं. समुद्र शांत झाला हे खरं. गलबतांना लुटीचं भय राहिलं नाही, आणि लहान व्यापाऱ्याला त्याचा फायदा झाला, हेही खरं. पण सगळा किनारा आता एकाच दिशेला तोंड करून उभा राहिला, मुंबईकडं. मालवण काय, विजयदुर्ग काय, राजापूर काय, ही बंदरं मुंबईच्या ओट्यावर माल आणून टाकणारी हमाल झाली. राजापूरची खाडी गाळानं भरत गेली. वेंगुर्ल्याला काही वर्षं बरे दिवस आले, घाटरस्ता झाला, समुद्रातल्या खडकांवर दीपगृह उभं राहिलं, १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा बेळगाव-धारवाडकडचा कापूस वेंगुर्ला आणि कुमठ्यावरून मुंबईला धावला. मालवणच्या वाट्याला तेवढंही नाही. बंदर चालवायला त्यांनी घेतलंच नव्हतं. ते दुसऱ्या कुणाच्या हातात राहू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

कोल्हापूरचा मात्र व्यवहार बंदरांशी तुटला नाही. तुटणार कसा? घाटावर नारळ होत नाही आणि मीठ पिकत नाही. गूळ, तंबाखू, तूप, मिरची, जंगलातला हिरडा बैलांच्या पाठीवरून आणि पुढं गाडीरस्ते झाल्यावर गाड्यांतून अणुस्कुरा, बावडा, फोंडा या घाटांनी खाली जायचा. येताना नारळ, खोबरं, सुपारी, सुंभ, सुके बोंबील, खारा बांगडा आणि मीठ. गोण्यांची तोंडं शिवलेली असायची, तरी घाटात पाऊस गाठला की मिठाचं पाणी बैलाच्या पाठीवरून गळायचं आणि त्याच्या सालटलेल्या जागी झोंबायचं. आजीच्या वडिलांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली ही गोष्ट, ती सांगताना आजी अजून त्या बैलाला बोलायची, "गरीब तो, काय करतलो."

मालवण या नावात लवण आहे, महालवण म्हणजे मिठाचं मोठं आगर अशी त्याची फोड सांगतात. या मिठावर इंग्रजांचा कर होता. समुद्र घेतला, वर समुद्राच्या पाण्यातून निघालेल्या चिमटीचेही पैसे घेतले. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला १२ मे १९३० ला लोक मिठागरात उतरले आणि लाठ्या खाल्ल्या, त्या वेळी आजी चार-पाच वर्षांची असेल. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. पण मीठ सांडलं तर ती कधी झाडूनं लोटायची नाही, बोटानं टिपून घ्यायची.

बंदरांचा खरा घास घेतला तो रेल्वेनं. १८८८ मध्ये मुरगावचं बंदर रेल्वेनं घाटमाथ्याला जोडलं गेलं आणि वेंगुर्ल्याचा माल तिकडं वळला. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला गाडी आली. स्टेशन झालं आणि गावाचं तोंड फिरलं. इतकी शतकं माल पश्चिमेच्या दारानं जायचा, आता तो पूर्वेच्या दारानं जाऊ लागला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये स्टेशनजवळ शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाचा बाजार तिथं आला आणि पुढं कोल्हापुरी गुळाचा रवा गुजरातेत पोचला. त्यांची दृष्टी मोठी होती, रूळ जिथं आले तिथं त्यांनी बाजार नेला. या पेठेनं आमच्यासारख्या कितीतरी घरांना उभं केलं. तरी मला राहून राहून वाटतं की महाराजांच्या हाती मालवण असतं तर? फोंडा घाटाखाली एक पेठ, बंदराला एक धक्का, कोल्हापूरची आगबोट. ज्या माणसानं धरणाला हात घातला तो समुद्र नुसता बघत बसला असता का? हा माझा आपला मनातला खेळ आहे. त्यातून सुटका नाही.

खाली मालवणात काय झालं ते आजीच्या भावांकडं बघून कळतं. तांडेलाची मुलं, पण एकही गलबतावर गेला नाही. तिघंही आगबोटीनं मुंबईला गेले, गिरणीत लागले. बोट मालवणला खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचं, वर चढताना एका हातात ट्रंक. आरमाराचं गाव चाकरमान्यांचं गाव झालं. आणि घाटावर आपलं काय झालं? जो समुद्र एके काळी आपल्या फडावरच्या हिशेबात होता, तो सुट्टीचा झाला. आपण शनिवारी पहाटे निघतो, पाण्यात पाय भिजवतो, सुरमई खातो, रविवारी रात्री परत. मी पण जाते, आनंदानं जाते. फक्त गाडी बावड्याचा घाट उतरू लागली की मला परक्या मुलखात शिरल्यासारखं वाटायचं बंद झालं आहे. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेच्या गप्पा मी लहानपणापासून ऐकते, मंजुरी आली तरी रूळ अजून पडलेले नाहीत. ते पडतील त्या दिवशी पहिल्या गाडीत मला जागा हवी आहे.

दोन वर्षांमागं नोव्हेंबरात मी सिंधुदुर्गाच्या तटावर एकटीच बसले होते. बरोबरची मंडळी दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी बघायला गेली होती. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी, त्याचं नवल मला आता हजारदा झालं आहे. ओहोटी होती. तटाच्या पायाशी काळ्या दगडांना कालवं चिकटलेली, आणि एक बाई कोयतीच्या टोकानं ती सोडवत होती. टक्, टक्, मग थोडं थांबणं, मग पुन्हा टक्. सगळे पर्यटक पश्चिमेला तोंड करून बसतात, तशी मीही आधी बसले. मग उठून दुसऱ्या बाजूला गेले. तिकडं माडांच्या शेंड्यांवर, पार क्षितिजाला, सह्याद्रीची निळी रेघ होती. इथल्या किल्लेदाराला कोल्हापूर दिसत नव्हतं, पण ती रेघ दिसत होती. त्या रेघेपलीकडून पगार यायचा, हुकूम यायचे, आणि पुष्कळदा दोन्ही यायचे नाहीत. किती उन्हाळे त्यांनी इकडं बघत काढले असतील. आपण समुद्र विसरलो असं म्हणताना मी नेहमी घाटावरून खाली बघत होते. खालून वर बघणाऱ्यांचा विचार माझ्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला, आणि आजीचं क्रियापद थोडं वेगळं ऐकू आलं. तिच्या बाजूनं बघितलं तर तिचं चुकत नव्हतं. तह कुणाच्या दाबाखाली झाला हे किनाऱ्यावरच्या माणसाला काय? त्याला एवढंच कळलं की धनी बदलला आणि जुना धनी परत आला नाही. जुना धनी तर स्वतःच्याच घरात परका झाला होता. १८५७ च्या धामधुमीनंतर चिमासाहेब महाराजांना इंग्रजांनी याच समुद्राच्या वरच्या टोकाला, कराचीला, नेऊन ठेवलं. ते तिथंच वारले.

कोल्हापुरात टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात एक मूर्ती आहे. वीतभरही नसेल. पॉसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमारास मातीखाली सापडला. रोमन व्यापाराच्या काळात कुठल्यातरी बंदरात उतरून, कुठलातरी घाट चढून तो पंचगंगेच्या काठी आला. त्याचा एक हात वर उचललेला आहे, त्यात त्रिशूळ असायचं, ते आता नाही. मी आजीला एकदा तिथं नेलं होतं. तिनं चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि काचेवर बोट टेकवून विचारलं, "ह्यो हंय कसो इलो?" मी म्हटलं, तुझ्यासारखाच. तिला ते फार आवडलं. मग दोन-तीन वर्षं ती त्याची चौकशी करायची, माहेरच्या माणसाची करावी तशी. "तो आसा मां थंयच?"

ब्रह्मपुरीच्या टेकडीच्या शेजारीच पंचगंगेचा घाट. नारळी पौर्णिमेला मालवणात मोठा सोहळा असतो, किल्ल्यावरून मानाचा नारळ समुद्राला जातो, मग बंदरावर गावातले व्यापारी आपले नारळ देतात आणि होड्या पाण्यात लोटायला मोकळ्या होतात. कोल्हापुरात आजी त्या दिवशी या घाटावर यायची. दुकानातल्या उजव्या ढिगातला सगळ्यांत चांगला नारळ, हळद-कुंकू लावलेला. पाण्यात सोडायची आणि तो कुठं जातो ते बघत उभी राहायची. पंचगंगेचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर पडतं, तिथून समुद्र सरळ रेषेत काही कोसांवर, पण नदी त्याच्याकडं पाठ करून निघते. नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते आणि पार पूर्वेच्या समुद्राला जाते. नारळ गावाजवळच्या कसबा बावड्याच्या बंधाऱ्याकडं निघाला की आजी दर वर्षी तेच म्हणायची. "उलटो चल्लो."

गेल्या श्रावणात मी गेले होते. पाणी चढलेलं, घाटावरची लहान देवळं निम्मी बुडालेली, नदी गढूळ आणि रुंद. पिशवीतून नारळ काढला. सोडायच्या आधी कानाशी धरून हलवला. मोकळं वाजलं. वाकून पाण्यात ठेवला तर तो आधी एका देवळाच्या शिखराला जाऊन टेकला, तिथं थोडा घुटमळला, भोवऱ्यात एक गिरकी घेतली आणि मग मधल्या धारेला लागला.

"उलटो चल्लो," माझ्या तोंडून गेलं.

पाणी बघायला आलेला एक पोरगा कठड्याला टेकून उभा होता. वळून म्हणाला, "काय म्हनलासा, काकू?"

"काही नाही रे."

"मालवणी बोललासा न्हवं? मालवणच्या हाय तुमी?"

"आजी होती," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं नारळ दिसेनासा होईपर्यंत तिथं उभे राहिलो.